कार्ड नवं, रीडर जुना : जुळेल की नाही हे कसं ओळखायचं

नवा कॅमेरा घेताना बॉडी आणि लेन्सच्या निवडीचा पार कीस काढला जातो. कार्ड रीडरचा विषय मात्र पहिलं शूट झाल्यावर निघतो, तोही कार्ड लॅपटॉपपाशी येऊन अडलं म्हणून. मग ड्रॉवरमधला जुना रीडर बाहेर येतो. तो कधी कार्ड ओळखतच नाही, कधी ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतो, तर कधी सगळं ठीक दाखवून कॉपी करायला तासभर घेतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत. सरसकट ‘रीडर गेला’ म्हणून नवा आणला, तर पुष्कळदा दुखणं तसंच राहतं, कारण ते रीडरमध्ये नसतंच.

फोटो कार्डातून निघून डिस्कवर पोचेपर्यंत रीडर, केबल, संगणकाचं पोर्ट आणि शेवटी ती डिस्क, एवढ्यांच्या हातून जातात. यांतलं जे सगळ्यात मंद, तेवढाच वेग तुम्हाला मिळतो. म्हणून तपासणी क्रमाने करायची, आणि सुरुवात कार्डापासून.

पायरी १ : कार्डावरची छपाई वाचा

एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि तेव्हाची मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, यांनी मिळून आणलं. पूर्ण मापाच्या, म्हणजे मायक्रो नसलेल्या, एसडी कार्डाचा बाहेरचा आकार तेव्हापासून तोच आहे, आणि सगळ्या गोंधळाचं मूळही तेच. वीस वर्षांपूर्वीच्या रीडरमध्ये आजचं कार्ड अगदी मापात बसतं. बसलं म्हणजे वाचलं जाईलच, अशी मात्र खात्री नाही.

पहिली गोष्ट बघायची ती नावाची शेपटी. नुसतं एसडी लिहिलेलं कार्ड २ जीबीपर्यंतचं. एसडीएचसी २००६ मध्ये आलं, ते ३२ जीबीपर्यंत. एसडीएक्ससी २००९ मध्ये जाहीर झालं, ते २ टीबीपर्यंत. आज दुकानात मिळणारं ६४ जीबीचं किंवा त्याहून मोठं जवळजवळ प्रत्येक कार्ड याच घराण्यातलं असतं. त्यापुढचं एसडीयूसी २०१८ मध्ये ठरलं, त्याची कागदावरची मर्यादा १२८ टीबी.

या आकड्यांमागचं कारण कळलं की पुष्कळ कोडी सुटतात. पहिल्या एसडी कार्डांत डेटाचा पत्ता बाइट मोजून दिला जायचा. एसडीएचसीपासून ५१२ बाइटचा एकेक ठोकळा मोजायला सुरुवात झाली. २००६ च्या आधीच्या रीडरला ही मोजणीच ठाऊक नाही, म्हणून ३२ जीबीचं कार्ड त्यात मुकाट बसून राहतं. एसडीएक्ससीने मोजणी तीच ठेवली, बदलली ती फाइली मांडायची पद्धत : फॅट३२ च्या जागी एक्सफॅट. त्यामुळे एसडीएचसीच्या रीडरमध्ये १२८ जीबीचं कार्ड बऱ्याचदा चालून जातं, फक्त समोरच्या संगणकाला एक्सफॅट समजलं पाहिजे. अधिकृत सल्ला अशी जोडी लावू नका असाच आहे. घरच्या फोटोंपुरता प्रयोग करून बघायला हरकत नाही, पण कोणाच्या लग्नाचं शूट असल्या रीडरच्या भरवशावर ठेवू नका. २ टीबीच्या पुढे मात्र जुना पत्ताच अपुरा पडतो, तिथे एसडीयूसी लिहिलेला रीडरच लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेगाची पिढी. कार्डावर कुठेतरी बारीक रोमन आकडा छापलेला असतो. एक उभी रेघ म्हणजे यूएचएस-१, दोन रेघा म्हणजे यूएचएस-२. आकडा दिसत नसेल तर कार्ड उलटं करा. सोनेरी पिनांची एकच ओळ असेल तर यूएचएस-१ किंवा त्याआधीचं, खाली आणखी एक आखूड ओळ असेल तर बहुधा यूएचएस-२. पहिल्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, दुसऱ्याची ३१२ एमबी. यूएचएस-२ चं कार्ड जुन्या रीडरमध्ये लावलं तरी वाचलं जातं, कारण वरची ओळ तीच आहे. फक्त दुसऱ्या ओळीला रीडरमध्ये पिनाच मिळत नाहीत आणि वेग ९० च्या आसपास थांबतो. महागडं कार्ड असं अर्ध्याहूनही कमी वेगात चालतं आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कारण अडत काहीच नाही.

कार्डावर यू३, व्ही३०, व्ही६०, व्ही९० असंही लिहिलेलं असतं. व्ही६० म्हणजे सेकंदाला किमान ६० एमबी सलग लिहिण्याची हमी. हा मामला कॅमेऱ्याचा आणि व्हिडिओचा. रीडर निवडताना त्याकडे बघायची गरज नाही.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. बाजारात यूएचएस-१ ची अशी कार्डं आहेत ज्यांवर १७० किंवा २०० एमबी असा ठळक आकडा असतो. यूएचएस-१ ची मर्यादा १०४, मग हे कसं? सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो मालिकेत हे दिसतं, आणि आकडा खोटा नाही. कंपनीने प्रमाणाबाहेर जाऊन स्वतःची वेगळी पद्धत वापरली आहे आणि ती समजणारा, कंपनीने त्यासाठीच काढलेला किंवा तशी सोय असलेला रीडर असेल तरच तो वेग मिळतो. साध्या रीडरवर हेच कार्ड ९० ते ९५ वर चालतं. गंमत म्हणजे भारी यूएचएस-२ रीडर घेऊनही यात फरक पडतोच असं नाही. कार्ड वाईट नाही, फक्त खोक्यावरचा आकडा बघून रीडरला शिव्या देऊ नका.

एसडी एक्सप्रेस हे नाव आता कानावर येऊ लागलंय, विशेषतः निन्टेन्डोच्या स्विच २ या गेम कन्सोलमध्ये मायक्रोएसडी एक्सप्रेस लागायला लागल्यापासून. यात संगणकातल्या एसएसडीची पद्धत कार्डात आणली आहे आणि त्यासाठी पिनांची दुसरी ओळ वेगळ्या कामाला लावली आहे. ती ओळ अशी गुंतल्यामुळे हे कार्ड यूएचएस-२ रीडरमध्ये लावलं तरी यूएचएस-१ च्याच वेगाने वाचलं जातं. कॅमेऱ्यासाठी कोणी हे कार्ड खपवायला लागला, तर आधी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत त्याचं नाव आहे का बघा. बहुधा नसेल.

पायरी २ : कार्ड एसडी नसेल तर

सीएफएक्सप्रेस हे आजच्या वरच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं कार्ड. याचे तीन आकार ठरलेले आहेत, त्यातला सी कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून लक्षात ठेवायचे ते दोन. टाइप ए : २० बाय २८ मिलिमीटर, एसडीपेक्षाही लहान, मुख्यतः सोनीच्या कॅमेऱ्यांत. टाइप बी : त्याहून मोठं आणि जाड, साधारण ३० बाय ३८ मिलिमीटर, निकॉन झेड८ आणि झेड९, कॅनन आर५, फुजीफिल्म एक्स-एच२ यांत. ए चा रीडर बी ला चालत नाही आणि बी चा ए ला. ‘सीएफएक्सप्रेस रीडर’ एवढंच सांगून ऑनलाइन मागवलं आणि चुकीचा प्रकार आला, असं नवख्यांच्या बाबतीत फार वेळा होतं. ऑर्डर करताना ए की बी, हे अक्षर डोळ्यांनी वाचा.

सोनीच्या ए७ फोर सारख्या कॅमेऱ्यात पहिल्या स्लॉटमध्ये एसडी किंवा टाइप ए, दोन्हींपैकी एक बसतं, आणि दुसऱ्यात फक्त एसडी. म्हणून सोनीवाल्यांनी एसडी आणि टाइप ए असे दोन्ही तोंडं असलेला रीडर घेतला की प्रश्न मिटतो. कंपनीचा स्वतःचा एमआरडब्ल्यू-जी२ तसा आहे, इतरांचेही आहेत.

खरा गुंता टाइप बी आणि एक्सक्यूडी यांच्यात आहे. एक्सक्यूडी आधीचं : २०१२ च्या निकॉन डी४ मध्ये ते पहिल्यांदा आलं, पुढे डी५००, डी८५० आणि पहिल्या झेड६, झेड७ मध्ये. दोन्ही कार्डांचं माप एकच. पण सीएफएक्सप्रेस संगणकाशी एनव्हीएमई या पद्धतीने बोलतं, एक्सक्यूडी तसं बोलत नाही. त्यामुळे टाइप बी च्या बहुतेक रीडरमध्ये एक्सक्यूडी कार्ड आत जातं आणि काहीच होत नाही. चावी कुलपात जाते, पण फिरत नाही. उलट दिशेलाही तेच : फक्त एक्सक्यूडीचा जुना रीडर सीएफएक्सप्रेस वाचत नाही.

मग कॅमेऱ्यात दोन्ही कशी चालतात? कारण निकॉनने वर सांगितलेल्या झेड६, झेड७, डी५००, डी८५० यांसाठी नंतर नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं आणि त्याच स्लॉटला दोन्ही पद्धती शिकवल्या. रीडरला असं फर्मवेअर सहसा मिळत नाही. म्हणून सेकंडहँड डी५०० किंवा डी८५० घेणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. बॉडीसोबत एक्सक्यूडी कार्ड येतं, तुम्ही पुढचं कार्ड सीएफएक्सप्रेस घेता, कॅमेरा दोन्ही खातो आणि टेबलावर मात्र दोन रीडर लागतात. दोन्ही वाचणारे रीडर आहेत, सोनीचा एमआरडब्ल्यू-जी१ त्यातला माहितीतला. इतर कुठलाही घेताना ‘एक्सक्यूडी’ हा शब्द स्पष्ट छापलेला दिसल्याशिवाय चालेल असं धरू नका. सेकंडहँड बॉडीचं फर्मवेअर जुनं असेल तर सीएफएक्सप्रेस कार्ड कॅमेराही ओळखणार नाही. आधी ते अपडेट करा.

२०२३ मध्ये सीएफएक्सप्रेस ४.० आलं. कागदावर वेग दुप्पट : टाइप ए सेकंदाला २,००० एमबी, टाइप बी ४,००० एमबी. ही कार्डं आधीच्या कॅमेऱ्यांत आणि रीडरमध्ये चालतात, पण त्या जुन्या उपकरणाच्या वेगाने. दुप्पट वेगासाठी रीडर ४.० चा, पोर्ट थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ चं आणि कॉपी होणारी डिस्कही तशीच हवी. लग्नाचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढणाऱ्याला हा खर्च कशाला हवा, हे मला तरी कळत नाही. तासन्‌तास ८के चित्रीकरण करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

कॉम्पॅक्टफ्लॅश आणि सीएफास्ट यांच्यासाठी थोडक्यात : दोन्ही कार्डं जवळजवळ सारखी दिसतात, पण कॉम्पॅक्टफ्लॅशच्या कडेला ५० बारीक भोकं असतात आणि सीएफास्टला चपटा जोड. कॅननच्या १डी एक्स मार्क २ मध्ये दोन्हींचा एकेक स्लॉट होता. रीडर वेगवेगळे लागतात. कार्ड जोर करून घुसवाल तर रीडरमधल्या पिना वाकतील.

पायरी ३ : हातातला रीडर कोणता आहे ते ठरवा

रीडरवर छपाई कमी आणि बढाई जास्त असते. ‘हाय स्पीड’, ‘७-इन-१’ या शब्दांना अर्थ नाही. शोधायचं ते यूएचएस-२ चं चिन्ह, सीएफएक्सप्रेसचं अक्षर आणि यूएसबीचा आकडा. काहीच छापलेलं नसेल तर टॉर्च लावून एसडीच्या खाचेत बघा : पिनांची एकच रांग असेल तर यूएचएस-२ नाही.

साध्या यूएसबीच्या टोकात निळं प्लास्टिक असेल तर रीडर साधारणपणे ३.० किंवा पुढचा. काळं किंवा पांढरं असेल तर २.० असण्याची शक्यता मोठी. रंगावर पूर्ण भरवसा नको, कंपन्या हा संकेत पाळतातच असं नाही.

लॅपटॉपमधला एसडी स्लॉट हाही रीडरच. स्वस्त लॅपटॉपांत तो आतून यूएसबी २.० ला जोडलेला असू शकतो, म्हणजे लॅपटॉप नवा आणि स्लॉट जुना. ॲपलच्या २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो मध्ये मात्र स्लॉट यूएचएस-२ चा आहे.

मायक्रोएसडीचं अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा, त्यात डोकं नाही. त्यामुळे ते ‘जुनं’ होत नाही, फक्त सैल होतं. ड्रोनचं कार्ड अधूनमधून गायब होत असेल तर आधी अडॅप्टर बदला.

पायरी ४ : पोर्ट आणि केबल

यूएसबीचे आकडे गिगाबिटमध्ये असतात, कार्डाचे मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, आणि वर थोडी गळती. प्रत्यक्षात हाती येतं ते असं : यूएसबी २.० वर सेकंदाला ३५ ते ४० एमबी, ५ गिगाबिटवर सुमारे ४००, १० गिगाबिटवर हजाराच्या आसपास. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तीन नावं एकाच ५ गिगाबिटची आहेत. नावं सोडा, गिगाबिटचा आकडा बघा.

६४ जीबी भरलेलं कार्ड घ्या. यूएसबी २.० वर त्याला जवळपास अर्धा तास लागेल, यूएचएस-१ च्या चांगल्या रीडरवर बारा मिनिटं, यूएचएस-२ वर चार-पाच मिनिटं. एसडीसाठी ५ गिगाबिट पुरेसे आहेत. सीएफएक्सप्रेस टाइप बी ला किमान १०. काही रीडर २० गिगाबिटचे असतात, पण मॅकवर हा प्रकार साधारणपणे १० वरच उतरतो, तिथे जास्तीचे पैसे घालू नका.

केबल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. फोनच्या चार्जरसोबत येणारी टाइप सी केबल दिसायला तशीच असते, पण आतून बऱ्याचदा फक्त यूएसबी २.० ची. हजार एमबीच्या रीडरला ती लावली की वेग चाळीसवर येतो. रीडरसोबत आलेली केबल रीडरलाच बांधून ठेवा आणि घरातल्यांना ती चार्जिंगला देऊ नका.

आणखी एक बारकी खोड. साधं, म्हणजे चौकोनी यूएसबी ३ चं टोक फार हळू खुपसलं, तर पुढच्या जुन्या पिना आधी टेकतात आणि संगणक रीडरला २.० समजून बसतो. वेग विचित्र कमी वाटला तर रीडर काढून एका दमात नीट लावा. मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये यूएसबीखाली रीडरच्या नावासमोर ४८० मेगाबिट लिहिलंय की ५ गिगाबिट, तेही दिसतं.

आणि डिस्क. साध्या फिरत्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर थेट कॉपी करत असाल तर तीच शंभर-सव्वाशे एमबीच्या पुढे जात नाही. मग रीडर कितीही भारी असो.

पायरी ५ : कार्ड दिसतच नसेल तर

‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश आला की पहिलं काम : रद्द करा. संगणकाला कार्डावरची मांडणी समजत नाही, एवढाच याचा अर्थ. फोटो बहुतेक वेळा जागेवर असतात. कार्ड परत कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का बघा. दिसत असतील तर दोष कार्डाचा नाही.

मग संगणक तपासा. विंडोज ७ आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना एक्सफॅट येतं, मॅकला १०.६.५ पासून, लिनक्सच्या गाभ्यात ते ५.४ पासून आलं. स्टुडिओच्या कोपऱ्यात अजून एक्सपीचा संगणक असेल तर त्याला वेगळं अपडेट लागतं. खरं सांगायचं तर त्याला निरोप द्या. काही अँड्रॉइड फोन आणि जुने टीव्ही अजूनही एक्सफॅट वाचत नाहीत, त्यामुळे ‘फोनवर दिसत नाही’ यावरून कार्ड गेलं असं ठरवू नका.

ॲपलच्या स्वतःच्या चिपवरच्या मॅकबुकवर नवा रीडर लावला की परवानगी विचारणारी खिडकी येते. ती नजरचुकीने नाकारली गेली तर रीडर जोडलाच जात नाही. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहा : कार्ड तिथे दिसतंय पण त्याला अक्षर मिळालेलं नाही, असं झालं असेल तर ड्राइव्ह लेटर द्या.

वाचता येतं पण काही पुसता येत नाही, अशी तक्रार असेल तर कडेची लॉकची पट्टी बघा. ही पट्टी नुसतं प्लास्टिक आहे, कार्डाला तिची खबरही नसते. ती कुठे सरकली आहे हे रीडर चाचपतो. म्हणूनच पट्टी तुटली तर एका रीडरला कार्ड ‘लॉक’ वाटतं आणि दुसऱ्याला नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि आजच काम द्यायचं आहे? कॅमेराच यूएसबी केबलने संगणकाला जोडा. बॅटरी भरलेली ठेवा. वेग कमी मिळेल, पण सीएफएक्सप्रेसचा रीडर नसलेल्या गावात रात्री अकरा वाजता हाच मार्ग उरतो. कार्ड कॅमेऱ्यातही वाचलं जात नसेल तर त्यावर पुढे काहीही लिहू नका, आणि रिकव्हरी करणाऱ्याकडे जाईपर्यंत ते बाजूला ठेवा.

पायरी ६ : नवा घेताना

फक्त एसडी वापरत असाल तर यूएचएस-२, ५ गिगाबिट, एवढं पुरे. आज तुमची कार्डं यूएचएस-१ ची असली तरीही हाच घ्या. किमतीतला फरक एका कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ असतो, आणि पुढच्या कॅमेऱ्यालाही तो उपयोगी पडतो. निकॉन झेड८ किंवा झेड६ थ्री सारख्या कॅमेऱ्यात एक स्लॉट टाइप बी चा आणि एक एसडीचा असतो, त्यांच्यासाठी दोन्ही तोंडांचा, १० गिगाबिटचा रीडर. सीएफएक्सप्रेसचे रीडर धातूचे आणि चांगलेच गरम होणारे असतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही, मात्र एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या बिनवीजपुरवठ्याच्या हबला ते लावू नका, पोर्टला थेट लावा. सात खाचांचा डबा टाळा. त्यातल्या पाच तुम्ही कधीच वापरणार नाही, आणि उरलेल्या दोन सहसा जुन्या पिढीच्या असतात.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बझारला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत समोरासमोर घेणार असाल, तर स्वतःचं भरलेलं कार्ड आणि लॅपटॉप सोबत न्या. कार्डावरच्या डेटाची प्रत आधी घरी काढून ठेवा. एक मोठी व्हिडिओ फाइल काउंटरवरच कॉपी करा आणि पहिले काही सेकंद सोडून आकडा स्थिर कुठे होतो ते बघा. यूएचएस-२ चं कार्ड, यूएचएस-२ चा रीडर आणि आकडा नव्वदीत अडकलेला असेल, तर कार्ड काढून पुन्हा शेवटपर्यंत दाबून लावा. तरीही नव्वदीच दिसली तर दुसरा रीडर मागा.